‘पूर’ शोधाल, तर कोल्हापूरही हलेल

ज्या फायलींमध्ये ‘पूर’ हा शब्द आहे त्या सगळ्या उचलून एका फोल्डरमध्ये टाक, असं संगणकाला सांगितलंत तर तो काही सेकंदांत काम उरकेल. मग ते फोल्डर उघडून बघा. त्यात कोल्हापूर बाजार समितीचे भाव असतील, सोलापूरच्या चादरींची जाहिरात असेल, नागपूरच्या अधिवेशनाची बातमी असेल. पुराच्या बातम्या मात्र बऱ्याच मागे राहिलेल्या असतील, कारण बातमीदार ‘पुरामुळे’, ‘पुरात’, ‘पुराचे पाणी’ असं लिहितो आणि तिथे ‘पू’ दीर्घ राहत नाही. संगणकाचं काही चुकलेलं नसतं. सांगितलं तेच त्याने केलं.

फायली त्यांच्या नावावरून किंवा तारखेवरून न निवडता आतल्या मजकुरावरून निवडायच्या आणि दुसरीकडे हलवायच्या, हे काम टर्मिनलमध्ये दोन-तीन ओळींत होतं. ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. पण मजकूर मराठी असेल तर हलवण्यापेक्षा शोधण्यातच जास्त खाचखळगे आहेत, म्हणून या लेखाचा बराचसा भाग शोधण्यावरच खर्च करणार आहे.

उदाहरणासाठी एखाद्या तालुक्याच्या साप्ताहिकाचं फोल्डर डोळ्यांपुढे आणा. दर अंकाचा एक उपफोल्डर, प्रत्येकात वीस-पंचवीस साध्या मजकुराच्या फायली. नावं अशी: ‘बातमी १’, ‘बातमी १ अंतिम’, ‘बातमी १ अंतिम नवीन’. नावावरून कशाचाच पत्ता लागत नाही. संपादकांना पुरावर विशेषांक काढायचा आहे आणि इतक्या वर्षांतल्या पुराच्या सगळ्या बातम्या एका जागी हव्या आहेत.

आधी छपाईबद्दल एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना कमांडचं नाव, पर्यायांची अक्षरं आणि आकडे रोमन लिपीत लिहायचे, आणि वेगळं सांगितलं नसेल तर अक्षर लहान घ्यायचं. अवतरणातला मराठी शब्द मात्र मराठीतच. या कामाला मुख्यतः दोन कमांड लागतात. एक ‘ग्रेप’, म्हणजे जी-आर-ई-पी. ती फायलींच्या पोटातला मजकूर शोधते. दुसरी ‘एमव्ही’, एम आणि व्ही. ती फाइल हलवते. ग्रेप बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने लिहिली आणि १९७३ सालापासून ती युनिक्समध्ये आहे. एमव्ही तर त्याहूनही जुनी. आज लिनक्स आणि मॅक दोन्हींवर या कमांड आधीपासूनच बसवलेल्या असतात.

या दोन कमांड एकमेकींना जोडून एकाच ओळीत शोध आणि हलवाहलव उरकणारे तोडगे जागोजाग मिळतात. दिसायला ते चटपटीत असतात. मी मात्र ते वापरू नका असंच सांगेन. शोधणं वेगळं, हलवणं वेगळं आणि मध्ये एक यादी, जी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली असेल. शोध चुकला तर यादी चुकेल, आणि चुकलेली यादी पुसून टाकता येते. हलवलेल्या हजार फायली शोधून परत जागेवर ठेवणं हे आठवडाभराचं काम असतं.

पहिली ओळ अशी:

ग्रेप -आरएल 'महापूर' . > ../यादी.टीएक्सटी

‘आर’मुळे उपफोल्डरांसकट शोध होतो. ‘एल’मुळे सापडलेली ओळ न छापता फक्त फाइलीचं नाव छापलं जातं, आणि एका फाइलीत शब्द दहादा आला तरी नाव एकदाच येतं. एकटं टिंब म्हणजे आपण आत्ता उभे आहोत ते फोल्डर. पुढच्या बाणामुळे पडद्यावर येणारी नावं यादीत लिहिली जातात. यादीच्या आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ आहे, म्हणजे यादी एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. ती आतच ठेवली तर शोधाच्या तावडीत यादीही सापडते. हलवायच्या फायलींचं नवं फोल्डरही याच कारणासाठी बाहेर हवं. नाहीतर दुसऱ्यांदा शोध घेतला की हलवलेल्या फायलीच पुन्हा यादीत येतात.

यादी करण्याआधी एकदा ‘एल’ काढून, त्याऐवजी ‘एन’ घालून तीच ओळ शेवटच्या बाणाशिवाय चालवा. मग नावासोबत सापडलेली ओळ आणि तिचा क्रमांक दिसतो. ‘महापूर’ऐवजी नुसता ‘पूर’ शोधला असेल तर या पडद्यावरून नुसती नजर फिरवली तरी कोल्हापूरची भानगड लगेच लक्षात येते.

पण कोल्हापूर निदान दिसतं तरी. त्याहून वाईट म्हणजे ‘पूर’ शोधल्यावर ‘पूर्ण’, ‘पूर्व’ आणि ‘पूर्वी’ असलेल्या फायलीही येतात, आणि पूर्ण-पूर्वीशिवाय बातमी लिहिणारा बातमीदार विरळाच. आपल्या डोळ्यांना ‘पूर्ण’मध्ये ‘पूर’ दिसत नाही, कारण र वर चढून रफार झालेला असतो. फाइलीत मात्र तो प, दीर्घ ऊकार, र, हलन्त, ण असाच ओळीने साठवलेला आहे. त्यातली पहिली तीन चिन्हं म्हणजे नेमका ‘पूर’. याच न्यायाने ‘कर’ शोधला की मालमत्ता करासोबत कर्ज, कर्मचारी आणि शेतकरीही येऊन उभे राहतात.

इंग्रजी मजकुरासाठी यावर उपाय म्हणून ‘डब्ल्यू’ हा पर्याय सांगतात: फक्त अख्खा शब्द शोध. मराठीत त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे अख्खा ‘पूर’ एकटा क्वचितच भेटतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून शोधलं तर ओळीच्या सुरुवातीचा आणि स्वल्पविरामाच्या आधीचा शब्द निसटतो.

चालतो तो उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे: शब्दांची फाइल. ‘शब्द.टीएक्सटी’ नावाची फाइल करा आणि एकेका ओळीवर एकेक रूप लिहा: महापूर, पूरग्रस्त, पूरस्थिती, पूररेषा, पुरामुळे, पुराच्या पाण्या, पुराचे पाणी, पुराचं पाणी. नुसतं ‘पुरात’ लिहू नका, त्यात पुरातन आणि पुरातत्त्व येतात. ‘पुरा’ तर नकोच. पुरावा, पुराण, पुरालेख, सगळे रांगेत उभे राहतील. मग:

ग्रेप -आरएल -एफ ../शब्द.टीएक्सटी . > ../यादी.टीएक्सटी

इथे दोन गोष्टी जपायच्या. शब्दांच्या फाइलीत एकही रिकामी ओळ राहू देऊ नका. रिकाम्या ओळीचा अर्थ ग्रेप ‘काहीही चालेल’ असा घेते, आणि झाडून सगळ्या फायली यादीत येतात. दुसरं, ही फाइल विंडोजवर तयार केली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा चिन्ह असतं. ग्रेप त्यालाही शब्दाचा भाग समजते आणि बहुधा काहीच सापडत नाही. यादी अगदीच रिकामी आली किंवा एकदम भरगच्च आली, तर आधी या दोन शंका फेडून घ्या.

शब्दाचं सामान्यरूप होताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, त्यावर एक छोटी युक्ती आहे. निवडणूक आणि निवडणुकीत, दोन्ही हवेत तर 'निवडण.क' असं शोधा. शोधशब्दातलं टिंब म्हणजे ‘कुठलंही एक चिन्ह’, आणि उकार हे संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्ह आहे. जुन्या मजकुरातलं चुकीचं शुद्धलेखनही यात आपोआप सांभाळलं जातं. मात्र टर्मिनलची भाषा-मांडणी युटीएफ-८ हवी. ‘लोकेल’ ही कमांड देऊन ते बघता येतं. तिथे नुसता ‘सी’ दिसला तर टिंब चिन्ह न मोजता बाइट मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. मग युक्ती फसते.

आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. तालुक्याच्या साप्ताहिकात तो नसलेलं पान सापडणार नाही. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त लावतं, तर कुणी साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह वापरतं. कुठला कीबोर्ड बसवलेला आहे त्यावर ते ठरतं. पडद्यावर दोन्ही ‘शेतकऱ्यांना’ हुबेहूब सारखे. ग्रेपसाठी ते दोन वेगळे शब्द. ‘ॲड.’, ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’ यांचीही तीच तऱ्हा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र देत असत, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. एकाच कार्यालयात दोन टेबलांवर दोन पद्धती नांदत असतात.

यावर दोन उपाय. एक, शोधायचा शब्द आपण टाइप न करता जुन्या फाइलीतूनच कॉपी करून घ्यायचा, आणि दोन-तीन वेगवेगळ्या लेखकांच्या फायलींतून घेऊन तितक्या ओळी शब्दांच्या फाइलीत टाकायच्या. दुसरा सोपा: अडचणीचं अक्षर येण्याआधीच शब्द तोडायचा. ‘शेतक’ एवढंच शोधलं तर शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकी सगळं येतं, आणि बहुतेक वेळा ते चालण्यासारखं असतं. आकड्यांकडेही लक्ष असू द्या. २००५ हे साल कुणी मराठी आकड्यांत लिहिलेलं असतं, कुणी इंग्रजी. जुलैच्या मुंबईच्या पुराची बातमी शोधताना दोन्ही रूपं घाला.

शब्द सापडला म्हणजे बातमी त्याच विषयाची, असंही नसतं. रस्त्याच्या डागडुजीच्या बातमीत शेवटी ‘गेल्या वर्षीच्या महापुरात हा पूल खचला होता’ एवढं एकच वाक्य असू शकतं. ‘एल’च्या जागी ‘सी’ वापरला तर प्रत्येक फाइलीपुढे शब्द किती ओळींत आला ते छापलं जातं. टाइप करताना अख्खा परिच्छेद एकच ओळ म्हणून साठवलेला असेल तर हा आकडा परिच्छेदांचा समजावा. एक आकडा असलेल्या फायली वेगळ्या काढून नजरेखालून घालाव्यात.

तुमच्या फायलींच्या डोक्यावर ‘विषय:’ किंवा ‘सदर:’ अशी ओळ लिहायची पद्धत असेल तर तुम्ही नशीबवान. '^विषय:.*पूर' असं शोधा. टोपीसारखं चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, टिंब-तारा म्हणजे मध्ये काहीही. कोल्हापूर इथेही डोकावेल, पण असंख्य परिच्छेदांतून नाही, फक्त विषयाच्या ओळीतून. अशी पद्धत नसेल तर पुढच्या अंकापासून सुरू करा, असं मी कुठल्याही संपादकाला आवर्जून सांगेन.

एक शब्द असावा आणि दुसरा नसावा, अशीही अट घालता येते. पुराचे शब्द हवेत, पण जाहिरात नको:

ग्रेप -आरएल --नल -एफ ../शब्द.टीएक्सटी . | एक्सआर्ग्ज -० ग्रेप -एल 'जाहिरात' > ../यादी.टीएक्सटी

दुसऱ्या ग्रेपमधला ‘एल’ मोठा आहे: शब्द ज्यात नाही अशा फायलींची नावं दे. मधली उभी रेघ पहिल्या कमांडचं उत्तर दुसरीकडे पाठवते, आणि एक्सआर्ग्ज (एक्स, ए, आर, जी, एस) ती नावं पुढच्या ग्रेपच्या हातात देते. ‘नल’ आणि शून्य ही जोडी वगळू नका. ती नसेल तर ‘बातमी १ अंतिम’ या एका नावाचे मोकळ्या जागेवर तुकडे होतात आणि संगणक तीन वेगळ्या फायली शोधत बसतो.

हे सगळं साध्या मजकुराच्या फायलींपुरतं झालं. २००७च्या वर्डपासून आलेली डॉक-एक्स फाइल ही प्रत्यक्षात दाबून बांधलेली झिप असते. बाहेरून ग्रेप मारून तिच्यात मराठी शब्द सापडत नाही. लिबरऑफिसला टर्मिनलमधूनच अशा फायलींच्या साध्या मजकुराच्या प्रती काढायला सांगता येतं. त्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच नावांनी ठेवायच्या, शोध प्रतींत घ्यायचा आणि हलवायची मूळ फाइल. पीडीएफसाठी ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ आहे, पण मराठी पीडीएफमधून निघणारा मजकूर अनेकदा विस्कटलेला असतो, त्यामुळे एक-दोन प्रती वाचून बघितल्याशिवाय विसंबू नका. स्कॅन केलेली कात्रणं म्हणजे चित्रंच; त्यांच्यावर आधी टेसरॅक्टसारखा अक्षरओळख प्रोग्रॅम चालवावा लागतो.

श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींचं दुखणं निराळंच. तिथे पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि खुणा असतात. फॉन्ट काढला की उरतो तो निव्वळ गोंधळ. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मग नोटपॅडचा प्रश्न. पूर्वी विंडोजच्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ म्हणून जतन केलेली फाइल युटीएफ-१६ असायची. २०१९मध्ये विंडोज १०च्या अद्ययावत आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच युटीएफ-८ वापरू लागलं. जुन्या फायलींत डोळ्यांना शब्द दिसतोय आणि ग्रेपला सापडत नाही, असं झालं तर ‘फाइल’ ही कमांड त्या फाइलीच्या नावासकट द्या. युटीएफ-१६ असं उत्तर आलं तर ‘आयकॉन्व्ह’ने ती युटीएफ-८ करून घेता येते.

यादी वाचून झाली, नको त्या ओळी तुम्ही खोडल्या. आता हलवणं. आधी सगळ्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा, मग नवं फोल्डर तयार करा, आणि:

व्हाइल आयएफएस= रीड -आर एफ; डू एमव्ही -एनव्ही "$एफ" ../पूर/; डन <../यादी.टीएक्सटी

‘आयएफएस’ तेवढं मोठ्या अक्षरांत. ही ओळ यादीतलं एकेक नाव उचलते, त्याला ‘एफ’ म्हणते आणि ती फाइल ‘पूर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. डॉलरच्या दोन्ही बाजूंची दुहेरी अवतरणं नावातल्या मोकळ्या जागा सांभाळतात. ‘एन’ म्हणजे तिथे त्याच नावाची फाइल असेल तर हात लावू नकोस. ‘व्ही’ म्हणजे काय केलंस ते सांगत जा.

‘पूर’नंतरची शेवटची तिरकी रेघ क्षुल्लक वाटते, पण ती गाळू नका. समजा ते फोल्डर तयार करायचं राहून गेलं. रेघ असेल तर एमव्ही कुरकुर करते आणि थांबते. रेघ नसेल तर पहिल्या बातमीचंच नाव बदलून ती ‘पूर’ करते, दुसरी बातमी तिच्यावर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. शेवटी ‘पूर’ नावाची एकच फाइल उरते आणि बाकीच्या गेलेल्या असतात. ‘एन’ घातला असेल तर निदान पहिलीपाशी थांबतं. अशा गेलेल्या फायली टर्मिनलमध्ये कचरापेटीत जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आपल्या उदाहरणात आणखी एक घोळ आहे. प्रत्येक अंकाच्या उपफोल्डरमध्ये ‘बातमी १’ आहेच. वरच्या ओळीने त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये यायला निघतील. पहिली येईल आणि ‘एन’मुळे बाकीच्या जिथल्या तिथे राहतील. अशा वेळी मला ‘आरसिंक’ जास्त आवडतं. ते उपफोल्डरांची मांडणी तशीच ठेवून फायली हलवतं, त्यामुळे कुठली बातमी कुठल्या अंकातली हेही कळत राहतं:

आरसिंक -एव्हीएन --फाइल्स-फ्रॉम=../यादी.टीएक्सटी --रिमूव्ह-सोर्स-फाइल्स ./ ../पूर/

यातला ‘एन’ रंगीत तालमीचा आहे: काय होईल ते दाखवतो, करत काहीच नाही. दिसलं ते पटलं की ‘एन’ काढून तीच ओळ पुन्हा चालवायची. मागे रिकामे उपफोल्डर राहतात, त्यांचं काय करायचं ते नंतर बघा.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये हेच काम गेट-चाइल्डआयटम, सिलेक्ट-स्ट्रिंग आणि मूव्ह-आयटम या तीन कमांड उभ्या रेघेने जोडून होतं. सिलेक्ट-स्ट्रिंगला ‘-लिस्ट’ जोडलं की एका फाइलीचं नाव एकदाच येतं. शोधाचा भाग कंसात टाका, म्हणजे सगळा शोध संपल्यावरच हलवाहलव सुरू होते. नाहीतर फाइल वापरात आहे अशी तक्रार येऊ शकते. मूव्ह-आयटमच्या शेवटी ‘-व्हॉटइफ’ जोडलं की इथेही रंगीत तालीम करता येते.

काम झालं की ‘डब्ल्यूसी -एल’ने यादीच्या ओळी मोजा आणि नव्या फोल्डरमधल्या फायलीही मोजा. आकडे जुळले नाहीत तर ज्या फायली हलल्या नाहीत त्या अजून जुन्या जागीच आहेत. बहुधा एकसारख्या नावांमुळे. यादी पुसू नका. प्रत्येक फाइल मूळ कुठल्या उपफोल्डरमध्ये होती हे तिच्यात लिहिलेलं आहे, आणि विशेषांक छापून झाल्यावर संपादक ‘आता त्या परत अंकांमध्ये ठेवा’ म्हणाले तर तीच लागणार आहे.